सराफ बाजारातला सरकारवाडा : उसनं काय आणि आपलं काय?



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने मला जिन्यात गाठून प्रश्न विचारला होता. "सर, चीनने कोरिया आणि व्हिएतनामवर एवढा प्रभाव टाकला. लिपी दिली, परीक्षा दिल्या, कन्फ्यूशियस दिला. मग ते लोक चिनी का झाले नाहीत?" प्रश्न चांगला होता आणि जिन्यात उत्तर देता येण्यासारखा नव्हता. म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. पण मी सुरुवात चीनपासून करणार नाही, नाशिकपासून करणार आहे. कारण हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो, आणि तो आपण स्वतःला फारसा विचारत नाही.

आपल्या सराफ बाजारात सरकारवाडा आहे. पेशवेकाळातली इमारत, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली. आता "सराफ बाजारातला सरकारवाडा" हे शब्द जरा सुटे करून बघा. सराफ हा अरबी, बाजार फारसी, सरकार फारसी. राहता राहिला वाडा, तो आपला. (हशा) ज्यांनी मोगलांशी लढून राज्य मिळवलं, ज्यांनी मोगली अमलातलं 'गुलशनाबाद' जाऊन पुन्हा 'नाशिक' हे नाव रूढ होऊ दिलं, त्यांच्याच कचेरीचं नाव हे असं. यात त्यांना काही विसंगती वाटली असेल का? मला वाटतं, मुळीच नाही. का वाटली नाही, हे समजून घेणं म्हणजेच आजचा विषय समजून घेणं.

दप्तरातून आलेली भाषा

ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्यात फारसी शब्द जवळजवळ नाहीत. पुढे तीसेक वर्षांत देवगिरीचं यादवांचं राज्य संपलं, १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, आणि मग अहमदनगर, विजापूर वगैरे सुलतानांचा काळ आला. या तीनशे वर्षांत मराठीत फारसी शब्द आले. पण ते कुठल्या दारातून आले, हे बघणं महत्त्वाचं आहे. ते तलवारीबरोबर आले असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ते मुख्यतः कागदाबरोबर आले. कागद हा शब्द फारसीतून आलेला, दौत अरबीतून, शाई फारसीतून. (आणि कागद ही वस्तू मुळात चीनची, हे जाता जाता लक्षात ठेवा.)

राज्य कुणाचंही असो, शेतसारा गोळा करणारा, हिशेब ठेवणारा, वतनाचा तंटा लिहून घेणारा माणूस स्थानिकच लागतो. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाचं दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणलं आणि ब्राह्मण कारकुनांकडे सोपवलं, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणजे फारसी मागे गेली आणि तिची परिभाषा मात्र मराठीच्या अंगावर राहिली. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून फडणवीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस. दार लावून जमीनदार, खातेदार, हवालदार. ही आज आपल्या शेजाऱ्यांची आडनावं आहेत, आणि त्यांना कुणी परकं म्हटलं तर भांडण होईल.

शेतावर जा. खरीप हा अरबी शब्द, अर्थ शरद ऋतू. रब्बी म्हणजे अरबीत वसंत. निफाडचा शेतकरी खरीप म्हणतो तेव्हा अरबी बोलत नाही. तो मराठीच बोलत असतो. व्याकरणही बघा. 'गैरसमज' यात गैर अरबी, समज आपला. 'दरसाल', 'बेजबाबदार', 'नापसंत'. उपसर्ग बाहेरून आले आणि घरच्या शब्दांना चिकटू लागले. शब्द उसना आणला तर तो परत करता येतो. उपसर्ग उसना आणून त्यातून नवे शब्द घडवायला लागलं की परत काय करणार?

एकनाथांकडे याचा एक सुंदर पुरावा आहे. त्यांनी 'अर्जदस्त' या नावाची रचना केली. अर्जदस्त म्हणजे दरबारात वरिष्ठाला करायचा लेखी अर्ज. नाथांनी हा कचेरीतला नमुना उचलला आणि त्यातून परमार्थ सांगितला. ऐकणाऱ्याला तो नमुना ओळखीचा असल्याशिवाय असं करता येत नाही. म्हणजे सोळाव्या शतकात कचेरीची भाषा पैठणच्या साध्या श्रोत्याच्या कानापर्यंत पोचलेली होती.

आता कोरिया आणि व्हिएतनाम

व्हिएतनामचा उत्तर भाग इ. स. पूर्व १११ पासून जवळजवळ हजार वर्षं चिनी सत्तेखाली होता. ९३८ मध्ये न्गो क्वेनने बाक दांग नदीवर चिनी आरमार बुडवलं आणि ती सत्ता संपली. खरी गंमत पुढे आहे. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी चिनी पद्धत टाकून दिली का? उलट १०७० मध्ये हनोईत कन्फ्यूशियसचं साहित्यमंदिर उभं केलं आणि १०७५ मध्ये चिनी धर्तीच्या सरकारी परीक्षा सुरू केल्या. त्या परीक्षा १९१९ पर्यंत चालल्या. कोरियात अशाच परीक्षा ९५८ मध्ये सुरू झाल्या आणि १८९४ मध्ये बंद झाल्या. दोन्हीकडे आठशे-नऊशे वर्षं!

म्हणजे प्रभाव सर्वांत खोल गेला तो गुलामीत नाही, स्वातंत्र्यात. हे आधी पचत नाही. पण विचार करा. नव्या राज्याला कारभार हवा असतो, कायदा हवा असतो, सरदारांना डोईजड होऊ न देणारा शिकलेला नोकरवर्ग हवा असतो. शेजारच्या मोठ्या देशात त्याचा तयार नमुना आहे. तो घेतला. ज्याच्याशी लढायचं त्याचंच हत्यार घेतलं.

सर्वांत बोलका दाखला १४२८ चा आहे. मिंग चीनने १४०७ मध्ये व्हिएतनाम पुन्हा जिंकला होता. वीस वर्षांनी ले लोइने त्यांना हाकललं, आणि न्गुयेन त्राई या विद्वानाने विजयाचा जाहीरनामा लिहिला. आमचा देश वेगळा, आमच्या डोंगरनद्या वेगळ्या, आमच्या चालीरीती वेगळ्या, असा त्याचा आशय. आणि तो जाहीरनामा लिहिला कशात? अभिजात चिनी भाषेत. त्याला आपण काय म्हणणार, पराभव? मला तसं वाटत नाही. त्याने चिनी भाषेत 'आम्ही चिनी नाही' असं लिहिलं, आणि ते चिनी वाचकाला नीट समजेल असं लिहिलं.

शिवाजी महाराजांचा कोश

आता परत घरी येऊ. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती. जिजाऊंच्या पत्रांवरची मुद्राही फारसीत. आणि शिवाजी महाराजांची मुद्रा संस्कृतात. एका पिढीत झालेला हा बदल आहे आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर त्यांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासाने तो रचला. दहा वर्ग, सुमारे चौदाशे फारसी आणि दखनी शब्द, आणि त्यांना संस्कृत पर्याय. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

इथे थांबून दोन गोष्टी बघायला हव्यात.

पहिली : पर्याय मराठी नाहीत, संस्कृत आहेत. एक मोठी प्रतिष्ठित भाषा बाजूला सारायची तर दुसरी मोठी प्रतिष्ठित भाषा लागली. आणि संस्कृत ही आपली, असं आपण म्हणतो, बरोबरच आहे. पण आपली ती कशी झाली? इथून पाच-सात मैलांवर पांडवलेणी आहेत. सातवाहनांनी तिथे कोरलेले लेख प्राकृतात आहेत. गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्राचा, शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हणून गौरव करते, तो प्राकृतातच. आणि त्याच डोंगरात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. या परक्या म्हटलेल्या माणसाने ब्राह्मणांना गाई दिल्या, नद्यांवर उतार आणि घाट केले, भिक्षूंना लेणं दिलं. त्याच्या लेखात संस्कृतचे तुकडे येतात. पुढे इ. स. १५० च्या सुमारास गिरनारजवळ रुद्रदामनाने मोठी संस्कृत प्रशस्ती कोरली. तोही शकच. म्हणजे संस्कृतला राजाच्या जाहीर भाषेचा मान मिळवून देण्यात ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो त्यांचा मोठा हात होता. आपलं आणि परकं यांची वाटणी करायला बसलं की असे कागद निघतात.

दुसरी : कोशाचं पुढे काय झालं? पेशव्यांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' आहे, आणि लोक म्हणत राहिले पेशवे. अमात्य आणि सचिव टिकले, पण दप्तर मजमू, जमाखर्च, तालीक असंच बोलत राहिलं. राजवाड्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतले निवडक कागद घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या कागदात मराठी शब्द शेकडा पंधराच्या आत, १६७७ च्या कागदात साठच्या वर, १७२८ च्या कागदात नव्वदच्या वर. आकडे ठळक आहेत. पण निवडक कागदांवरून शतक मोजताना जपावं लागतं. घरगुती पत्रात आणि जमाबंदीच्या कागदात शब्द वेगळे असतातच.

याहून गमतीची गोष्ट कालगणनेची. महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. तरीही पेशवे दप्तरात अखेरपर्यंत शुहूर सन चालला, तोही अरबी अंकशब्दांत. 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार : ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५ साल येतं. हा सन मृग नक्षत्राला बदलायचा, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शब्द अरबी, मोजणी पावसाळ्याची. पुण्याच्या कारकुनाला त्यात धर्म बुडाला असं वाटलं नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती सोय होती.

कोरियात याच्या उलट घडलं. १६४४ मध्ये मिंग घराणं पडलं, मांचूंचं राज्य आलं. कोरियातले अनेक पंडित त्यानंतरही आपल्या लेखनात शेवटच्या मिंग सम्राटाचं सालच लिहीत राहिले. खरी चिनी संस्कृती आता चीनमध्ये उरली नाही, ती आमच्याकडे आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्यासाठी साल ही सोय नव्हती, ती निष्ठा होती.

फरक कुठे पडला?

हा माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा आहे. दोन्हीकडे परकी भाषा आली, दोन्हीकडे हजारो शब्द आले. कोरियन शब्दकोशात निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत. पण कोरियात चिनी विचार घराघरात शिरला. वडिलांशी कसं बोलायचं, पितरांचं कसं करायचं, सुतक किती पाळायचं, सगळं त्या ग्रंथांवरून ठरू लागलं. आपल्याकडे फारसीने तसं केलं नाही. फारसी शब्द स्वयंपाकघरापर्यंत आले, पण सादी आणि हाफिज आपल्या माजघरात आले नाहीत. तिथे ज्ञानोबा-तुकोबाच राहिले. असं का?

कारण परीक्षा. कोरियात आणि व्हिएतनाममध्ये मोठं व्हायचं तर चिनी ग्रंथ पाठ करावे लागत. सात-आठ वर्षांच्या मुलापासून सुरुवात. वीस वर्षं तेच वाचायचं, त्याच भाषेत निबंध लिहायचे. मग ती भाषा बोलायची राहत नाही, विचार करायची होते. आपल्याकडे वतन होतं. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी. त्याला मोडी यायला हवी, हिशेब यायला हवा, कागदाचा मायना यायला हवा. फारसी काव्यशास्त्र येण्याची त्याला गरज नव्हती. शब्द त्याने घेतले, अभ्यासक्रम घेतला नाही.

म्हणून मी असं सांगेन : एखाद्या भाषेतून किती शब्द आले यावरून प्रभाव किती खोल हे कळत नाही. मुलांची परीक्षा कुठल्या भाषेत होते, यावरून ते कळतं.

शुद्धी आणि विसर

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. तिचे अध्वर्यू सावरकर इथलेच, भगूरचे. दिनांक, क्रमांक, महापौर हे त्या चळवळीतून रुळलेले शब्द आज आपण विचार न करता वापरतो. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन, ज्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली, तेच पुढे या शुद्धीचे कैवारी झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिलं. फारसी उत्तम जाणणारा माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला द्वेष्टा म्हणून झटकता येत नाही. भाषेने स्वतःच्या मुळातून शब्द घडवावेत, हा आग्रह रास्त आहे. पण 'तारीख' म्हणणारा मराठी कमी आणि 'दिनांक' म्हणणारा जास्त, असं त्यातून कुणी काढू लागलं तर ते मला मान्य नाही. कोर्टात आपल्याला आजही तारीखच पडते. (हशा)

शब्द काढण्यापेक्षा मोठं नुकसान वेगळीकडेच झालं. व्हिएतनाममध्ये फ्रेंच काळात रोमन अक्षरांची क्वोक न्गू लिपी आली आणि जुनी लिपी गेली. साक्षरता वाढली, हे खरंच. पण आज तिथला शिकलेला माणूस आपल्या गावच्या देवळावरचा जुना लेख वाचू शकत नाही. हसू नका. आपल्यातल्या किती जणांच्या घरी ट्रंकेत मोडीतले कागद आहेत? आणि किती जणांना ते वाचता येतात? छपाईत देवनागरी आली, विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेली, आणि शे-दीडशे वर्षांपूर्वीचा आपलाच पणजोबा आपल्याला परका झाला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागलं. नातवाला दाखला मिळणार की नाही, हे पणजोबाचं अक्षर वाचता येण्यावर येऊन ठेपलं.

एक प्रश्न, शेवटचा

श्रोता : सर, मग आजच्या इंग्रजीबद्दल काय म्हणाल? तीही फारसीसारखी पचेल का?

हा प्रश्न येणार याची मला खात्री होती. माझं उत्तर वर दिलंच आहे, फक्त ते गोड नाही. टेबल, बस, डॉक्टर, मोबाइल यांनी मराठीचं काही बिघडत नाही. ते फारसी शब्दांसारखे पचले आहेत. पण इंग्रजी परीक्षेबरोबर आली. सहा वर्षांचं पोर गणित इंग्रजीत शिकतं, विज्ञान इंग्रजीत शिकतं. म्हणजे आपलं आजचं उदाहरण पेशवे दप्तराचं नाही, कोरियाच्या पंडितांचं आहे. आणि त्याचा भुर्दंड सामान्य माणूस भरतो. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा सातबारा मराठीत असतो. त्याच जमिनीचा तंटा उच्च न्यायालयात गेला की निकाल इंग्रजीत येतो. स्वतःच्या शेताबद्दल काय ठरलं, ते त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

कोरियाच्या सेजोंग राजापुढे हाच पेच होता. सामान्य माणसाला आपलं म्हणणं लिहिता येत नाही, म्हणून त्याने १४४३ मध्ये नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तीच आजची हांगुल. दरबारातला पंडित छ्वे मान-री याने १४४४ मध्ये विरोधाचा अर्ज केला. त्याचं म्हणणं, स्वतःची वेगळी लिपी रानटी लोक करतात; चीनची लिपी सोडणं म्हणजे सुधारलेल्या जगातून बाहेर पडणं. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? मुलाला मराठी शाळेत घातलं की आजही हेच ऐकू येतं.

सेजोंगने काय केलं ते नीट बघा. त्याने चिनीवर बंदी घातली नाही. परीक्षाही चालू ठेवल्या. पण ग्रंथ नव्या लिपीत उतरवायला लावले. पंडितांनी त्या लिपीला नाक मुरडलं, तरी बायकांनी तिच्यात पत्रं लिहिली, कथा-कादंबऱ्या त्यात झाल्या. सरकारी कागदावर ती यायला १८९४ उजाडलं. साडेचारशे वर्षं लागली. तोवर ती मेली नाही, कारण तिच्यात लोकांना काहीतरी लिहायचं होतं आणि वाचायला काहीतरी मिळत होतं.

मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. आनंद आहे. पण दर्जा हा मागे किती होतं याचा दाखला असतो. पुढचं ठरणार ते दुसऱ्याच गोष्टीवर : कायदा, वैद्यक, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान मराठीत वाचायला मिळतं का, आणि ते वाचून कुणाचं काही अडलेलं काम होतं का. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्यातलं बरंचसं इंग्रजी पुस्तकांवरून शिकवलं. माझ्या पिढीने हे काम अर्धवट सोडलं आहे, हे मी तुमच्यापुढे कबूल करतो.

जिन्यातल्या त्या मुलाला उत्तर द्यायचं राहिलं. कोरियन चिनी झाले नाहीत, कारण घरात, अंगणात, शेतावर ते कोरियनच बोलत राहिले, आणि एका राजाने त्या बोलण्याला लिपी दिली. आपल्याकडे लिपी आहे, वाङ्मय आहे, बोलणारे कोट्यवधी लोक आहेत. घरात मराठी बोलणंही अजून चालू आहे. ते चालू राहील एवढं आपण बघायचं, आणि मोडीचे कागद असतील तर ते रद्दीत घालायच्या आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायचे.

इथे थांबतो.